पोटावरची पिशवी : कायमच्या इलिओस्टॉमीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. २०१६ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याच्या आजारामुळे, माझं सगळं मोठं आतडं गुदाशयासकट काढावं लागलं आणि पोटाच्या उजव्या बाजूला कायमची इलिओस्टॉमी आली. ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर आता नव्या पेशंटना माझ्याकडे पाठवतात. बायका ब्लाउजचं माप द्यायला आलेय असं घरी सांगून येतात, पडदा ओढतात आणि पदर बाजूला करून विचारायला लागतात. पुरुष दुकानाबाहेर घुटमळतात, मग बायकोला आत पाठवतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून लिहून काढले. बहुतेकांना भीती असते वासाची. मला मात्र दोनदा ॲडमिट व्हावं लागलं ते मिठापायी. ते पुढे येईलच.

इलिओस्टॉमी म्हणजे नक्की काय केलेलं असतं?

लहान आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे इलियम. त्याचं टोक पोटाला भोक पाडून बाहेर काढतात, ब्लाउजची बाही दुमडावी तसं बाहेरून उलटं दुमडतात आणि कातडीला टाके घालून बसवतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच तोंड. तो कातडीपासून साधारण दोन-तीन सेंटीमीटर वर आलेला असतो, कारण बाहेर पडणारं थेट पिशवीत पडावं, कातडीवर ओघळू नये. तिथे दार उघडझाप करणारा स्नायू नसतो. त्यामुळे मळ आपल्याला विचारून येत नाही, येतो तेव्हा येतो.

शेजारच्या काकांची तीन महिन्यांत बंद केली. माझीच कायमची का?

काकांची तात्पुरती होती. खाली आतडं जोडलेलं असतं, तो जोड भरेपर्यंत वरून वाट वळवतात आणि नंतर स्टोमा परत आत घालतात. तुमचं मोठं आतडं आणि गुदद्वार दोन्ही काढलं असेल तर जोडायला खाली काही उरलेलंच नाही. कोलायटिस, क्रोन्स, कॅन्सर, घराण्यात चालत आलेले आतड्यातले शेकडो कोंब, कारणं वेगवेगळी असतात. तुमचं नेमकं काय काढलं आणि काय ठेवलं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कुणाकडून तरी मराठीत समजून घ्या आणि त्याची झेरॉक्स पाकिटात ठेवा. रात्री-अपरात्री दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तोच कागद बोलतो.

तो लाल गोळा बघवत नाही. हात लावला तर दुखेल का?

नाही दुखत. तिथे वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. तोंडाच्या आतल्या गालासारखा तो लाल आणि ओला असतो, पुसताना एखादा थेंब रक्त येतं, जसं हिरडीतून येतं. मी पहिले अकरा दिवस बघितलंच नाही. नर्स बदलायची आणि मी पंख्याकडे बघत पडायचे. बाराव्या दिवशी त्यांनी हातात आरसा दिला.

रंग मात्र रोज बघायचा. जांभळा, काळपट किंवा फिकट पांढरा दिसला, किंवा रक्त थांबेचना, तर उद्यावर ढकलू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

पिशवी किती वेळा रिकामी करायची आणि किती दिवसांनी बदलायची?

रिकामी दिवसातून पाच-सहा वेळा, काहींची आठ वेळा. एक तृतीयांश भरली की करायची. अर्ध्याच्या वर गेली की वजनाने प्लेट, म्हणजे पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग, सुटायला लागते. अख्खी पिशवी साधारण तीन-चार दिवसांनी बदलायची. पाच दिवस टिकली तर छान, पण टिकवायची शर्यत लावू नका. खालून जळजळ किंवा खाज आली की आत गळतंय असं समजा आणि त्याच वेळी बदला. पैसे वाचवायला एक दिवस जास्त ताणला आणि मग आठवडाभर कातडी सोललेली, असले हिशेब मी खूप बघितलेत.

भारतीय संडासावर उकिडवं बसून रिकामी करता येते, पण पहिल्या महिन्यात टाके ओढतात. एक छोटं प्लास्टिकचं स्टूल घ्या, समोर बसा, पिशवीचं तोंड खाली धरा. आत आधी थोडं पाणी ओतून ठेवलं तर शिंतोडे उडत नाहीत.

बदलायची कशी? माझी दर वेळी गळते.

दर वेळी गळते म्हणजे दहातल्या आठ वेळा भोकाचं माप चुकलेलं असतं. इथे माझा धंदा कामाला आला.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत आकसतो. हॉस्पिटलात दिलेल्या मापाने तुम्ही तीन महिने कापत बसलात तर भोक मोठं राहणार आणि उघड्या कातडीवर मळ पडणार. त्या मळात लहान आतड्यातले पाचक रस असतात. ते जेवण पचवतात तसंच कातडीही पचवायला बसतात. म्हणून पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्या. बहुतेकांचा स्टोमा पुरता गोल नसतो, पेरूसारखा एका बाजूला फुगलेला असतो. जाड कागदावर त्याचा आकार काढून कटिंगला पेपर पॅटर्न करतो तसा पॅटर्न करून ठेवा. प्लेटचं भोक स्टोमापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं. त्याहून घट्ट कापलं तर कडा स्टोमाला कापते, आणि दुखत नसल्याने तुम्हाला कळतही नाही. कात्री वाकड्या टोकाची घ्या, कापल्यावर कडेवरून बोट फिरवून खडबडीत भाग गुळगुळीत करा.

बदलायची वेळ सकाळी चहाच्याही आधी. तेव्हा स्टोमा शांत असतो. जेवल्यावर तासाभरात बदलायला बसलात तर कारंजं सुरू होतं आणि आपण मऊ कापडाचे बोळे घेऊन नाचत राहतो. जुनी प्लेट ओढून काढू नका. कातडी एका हाताने दाबायची आणि प्लेट वरून खाली हळूहळू सोडवायची. कोमट पाण्याने पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं. नवी प्लेट दोन तळहातांत मिनिटभर धरून ऊब द्या, चिकटवल्यावरही वरून हात ठेवून चार-पाच मिनिटं बसा. आमच्याकडे जुलैत हवा इतकी दमट असते की कातडी कोरडी झाली असं वाटतं आणि झालेली नसते. मी पंख्याखाली बसते. पिशव्यांचा साठा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, फ्रिजवर किंवा उन्हात नाही.

कातडी सोलवटलीय. हळद लावू का?

नको. हळद नको, खोबरेल नको, डेटॉल नको, स्पिरिट नको, अंगाला लावायची पावडरही नको. तेलकट काहीही लावलं की प्लेट धरत नाही, मग आणखी गळतं आणि आणखी सोलवटतं. स्टोमासाठीची पावडर वेगळी मिळते. ती ओलसर जागी भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि मग प्लेट. पोटाला घडी किंवा खळगा असेल तर तो पेस्टने भरून काढायचा. पेस्ट खड्डा बुजवायला असते, तिला डिंक समजून सगळीकडे थापू नका. केस वाढत असतील तर ट्रिमरने काढा. बारीक लाल पुरळ आणि खूप खाज असेल तर घामाने बुरशी झालेली असू शकते, तिला डॉक्टरांचं औषध लागतं.

भरपूर पाणी पितो तरी तोंड कोरडं, पाय वळतात, गळून गेल्यासारखं होतं. असं का?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि तो फार कमी लोक विचारतात.

मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ परत शोषून घ्यायचं. ते आपल्याकडे नाही. इलिओस्टॉमीतून बाहेर पडणाऱ्या एका लिटरमध्ये साधारण ६ ग्रॅम मीठ जातं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरून. आता वर तुम्ही नुसतं पाणी प्यायलात तर काय होतं? लहान आतड्यात बिनमिठाचं पाणी आलं की शरीर आपल्याच रक्तातलं मीठ आतड्यात सोडतं, आणि ते पाण्याबरोबर पिशवीत निघून जातं. तांबे भरभरून पाणी प्यायचं आणि तेवढंच, वर थोडं जास्त, पिशवीत. तहान तशीच. मला २०१७ च्या मे महिन्यात असंच झालं. लग्नसराईचं शिवण होतं, मी दिवसाला पाच लिटर पाणी पीत होते आणि स्वतःला शहाणी समजत होते. तिसऱ्या दिवशी उभी राहिले आणि मशीनवरच कोसळले. सोडियम खाली गेलेलं होतं. त्या रात्री ज्यांनी तपासलं त्यांनी जुलाबाचा पेशंट समजून आणखी पाणी प्यायला सांगितलं होतं. पिशवी दाखवली तेव्हा कुठे सलाईन लावलं.

म्हणून पाण्याला मिठाची जोड द्या. रोजच्या जेवणात मीठ इतरांपेक्षा थोडं जास्त. ब्लडप्रेशर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पातळ जायला लागलं की ओआरएस सुरू करायचं. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवायचं, अर्धं पाकीट एका ग्लासात असली गंमत नको. रंगीत खोक्यातली गोड पेयं ओआरएससारखी दिसतात, त्यांत साखर फार असते. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघून घ्या. पाकीट हाताशी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट प्यायचं, एका दमात नाही.

आणि आपली आंबील विसरू नका. आंबील यात्रेत मिळते तशी, ताक घातलेली, मीठ नीट असलेली. माझा उन्हाळा तिच्यावरच जातो.

लघवीचा रंग बघा. फिकट पिवळी आणि दिवसभरात लिटरभर होत असेल तर ठीक. गडद आणि थोडी होत असेल तर मागे पडलात. असं महिनोन्‌महिने चाललं तर मूत्रपिंडात खडे होतात, इलिओस्टॉमीवाल्यांना ते जास्त होतात.

किती आलं म्हणजे जास्त?

सुरुवातीला दिवसाला लिटर-दीड लिटर येतं. दोन-तीन महिन्यांत ५०० ते ८०० मिलिलिटरवर स्थिरावतं आणि घट्ट वरणाइतकं दाट होतं. ताकासारखं पातळ आणि दीड लिटरच्या वर गेलं, किंवा चोवीस तासांत आवरलं नाही, तर डॉक्टरांना फोन. पहिले काही आठवडे मोजण्यासाठी एक प्लास्टिकचं मापाचं भांडं संडासातच ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरात 'स्वयंपाकाचं नाही' असं लिहा. आमच्याकडे ही चूक एकदा होता होता राहिली.

दाट करायला भात, पिकलेलं केळं, साबुदाण्याची पेज, उकडलेला बटाटा.

तांबडा-पांढरा, मिसळ, सगळं बंद का?

कोल्हापूरकराचा खरा प्रश्न हा! बंद नाही. पहिले सहा आठवडे मऊ, कमी चोथ्याचं खा. नंतर एकेक पदार्थ, एका दिवशी एकच, थोडासा. पिशवीत काय फरक पडतो ते बघायचं. पांढरा रस्सा मला पहिल्यापासून मानवला. तांबड्याची तर्री वरून काढून ठेवते. तिखटाने स्टोमाला इजा होत नाही, पण पातळ होतं आणि कातडीवर सांडलं तर आग होते.

धोका तिखटाचा कमी आणि चोथ्याचा जास्त. ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मक्याचं कणीस, पॉपकॉर्न, आख्खे शेंगदाणे, मशरूम, संत्र्या-मोसंबीची साल, कच्चा कोबी हे न चावता गिळलं तर गोळा होऊन अडकतं. आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर येतं ती जागा अरुंद असते. मिसळीतली मटकी मऊ शिजलेली असेल तर थोडी चालते, फरसाण भिजू द्या. भडंगातले शेंगदाणे मी वेचून नातवाला देते. शेंगदाण्याची बारीक कुटलेली चटणी चालते. गुऱ्हाळावर गेलात तर ऊस चोखून चोथा गिळू नका. रस अर्धा ग्लासच घ्या, फार गोड प्यायलं की सगळं धो धो निघतं. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध काहींना सोसत नाही, ताक सोसतं. बीट खाल्लं तर पिशवीत लाल दिसेल, रक्त समजून घाबरू नका. एकच नियम पाळायचा असेल तर घास इतका चावा की जिभेवर पीठ झालं पाहिजे.

एकादशीचा उपास करता येतो, निर्जळी मात्र नको. रोजे धरणाऱ्या एका भगिनींनी विचारलं होतं, त्यांना मी हेच सांगितलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं.

सकाळपासून पिशवीत काहीच आलं नाही, पोटात कळा येतायत. काय करू?

आधी आठवा, काल काय खाल्लं. बहुतेक वेळा खोबरं किंवा कणीस निघतं. खाणं थांबवा. कोमट पाणी किंवा बिनदुधाचा चहा घोट घोट घ्या, उलटी होत असेल तर तेही नको. स्टोमा सुजला असेल तर मोठ्या भोकाची पिशवी लावा. गरम पाण्याने अंघोळ करा, मग आडवं होऊन गुडघे पोटाशी घ्या आणि स्टोमाभोवती हलक्या हाताने चोळा. पोट साफ व्हायचं औषध अजिबात घेऊ नका, एरंडेलही नाही. मध्येच नुसतं घाण वासाचं पाणी आलं म्हणजे सुटलं असं नसतं, अर्धवट अडकलेलं असतानाही पाणी वाट काढतं. चार-सहा तासांत सुटलं नाही किंवा उलट्या लागल्या तर घरी थांबू नका.

वास येतो का हो लोकांना?

पिशवी नीट चिकटलेली असेल तर नाही. रिकामी करताना येतो, तो तर सगळ्यांच्याच संडासात येतो. बंद पिशवीतूनही सारखा वास येत असेल तर कुठे तरी सुटलंय, हे नक्की. पिशवीचं तोंड आतून कागदाने पुसायला विसरू नका, निम्मा वास तिथला असतो. अंडी, मासे, कांदा, लसूण यांनी वाढतो, दह्या-ताकाने कमी होतो. दुकानात मी दिवसभर बायकांच्या हातभर अंतरावर उभी असते. आठ-आठ वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांना आजही माहीत नाही.

आवाज मात्र होतो. गुडगुड. वरून हात दाबून धरा किंवा मशीन चालू करा.

देवघरात जायचं का? सासूबाई नको म्हणतात.

माझ्या सासूबाई, आम्ही आत्याबाई म्हणतो, त्याही म्हणाल्या होत्या. पहिल्या नवरात्रात त्यांनी मला घट बसवू दिला नाही. मी भांडले नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, महिनाभर अंथरुणात सगळं झालं, आणि ते सगळं मी काढलं. एका सकाळी स्वतःच म्हणाल्या, "अगं, सगळ्यांच्याच पोटात हाय, तुझं तेवढं भाईर." त्यानंतर घट मीच बसवते. तुमच्या घरात हाड मोडायची वाट बघू नका. अंघोळ करून, पिशवी रिकामी करून पूजेला बसा.

अंबाबाईच्या दर्शनाला नवरात्रात तासन्‌तास रांगेत उभं राहावं लागतं. जाण्याआधी रिकामी करा, पर्समध्ये ओआरएसची बाटली ठेवा, सोबत कुणी तरी न्या.

कपडे कसे घालायचे?

इथे माझं ऐकाच. परकराची नाडी स्टोमावरून जाता कामा नये. जागेनुसार ती वर बांधा किंवा खाली. बेंबीखाली उजवीकडे स्टोमा असेल तर बहुतेकींना वर बांधणं सोपं जातं. नाडीऐवजी दोन इंच रुंद मऊ इलॅस्टिकचा पट्टा लावला तर काच बसत नाही. परकराला आतून सुती कापडाचा खिसा लावून द्या, पिशवी त्यात बसते, मांडीला चिकटत नाही आणि घामाने पुरळ येत नाही. एका परकराला वीतभर कापड पुरतं. सलवारला उंच कंबर ठेवा. पुरुषांनी पँट एक माप मोठी घ्यावी आणि पट्ट्याऐवजी गॅलस लावावेत. शर्ट बाहेर असला की काही दिसत नाही. लुंगी सगळ्यांत उत्तम. नऊवारीचा काष्टा मी एकदाच नेसले, भाचीच्या लग्नात. जमलं, पण दर दीड तासाला सोडून परत नेसायला कुणी तरी लागतं.

गोळ्या पिशवीत तशाच पडतात!

बाहेरून जाड वेष्टनाच्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या आपल्या आखूड वाटेत विरघळायच्या आत बाहेर येतात. दिसली तर डॉक्टरांना सांगा, पातळ औषध किंवा साधी गोळी मिळते. गर्भनिरोधक गोळीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा. मळ दाट करायला जेवणाआधी अर्धा तास लोपरामाइड देतात, पण किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. लघवी वाढवणारी आणि पोट साफ करणारी औषधं, दोन्हींबद्दल केमिस्टला आधीच सांगा की मोठं आतडं नाही. इलियमचा बराच भाग गेला असेल तर बी-१२ कमी पडतं, त्याची तपासणी वर्षातून एकदा करून घ्या.

काम कधी सुरू करू? शेतात जायचंय.

बसून करायचं काम साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. वजन उचलायचं म्हणाल तर पहिले दोन-तीन महिने पाच किलोच्या वर नको. भरलेली बादली पंधरा किलोच्या पुढे जाते, भरलेला गॅस सिलिंडर तिसाच्या आसपास. स्टोमाच्या बाजूने पोटाची भिंत फाकते आणि आतडं फुगून बाहेर येतं, तो हर्निया. एकदा झाला की पिशवी बसेनाशी होते. त्यापेक्षा मुलाला हाक मारा. पुढे शेती, दुकान, गाडी चालवणं सगळं होतं. भारा उचलायचा असेल तर पोटाचा आधारपट्टा बांधून. रंकाळ्याला फेरी पहिल्या महिन्यापासून मारा, चालल्याने पोट मोकळं होतं आणि डोकंही.

नवरा-बायकोचं काय?

जखम भरली आणि मन झालं की होतं. आधी रिकामी करा, लहान पिशवी लावा, वरून कापडी पट्टा बांधा. स्टोमाला त्याने काही होत नाही. गुदाशय काढताना तिथल्या नसांना कधी कधी धक्का बसतो, त्यामुळे काही पुरुषांना ताठरतेची अडचण येते आणि काही बायकांना दुखतं. यावर उपचार आहेत, पण विचारल्याशिवाय डॉक्टर सांगत नाहीत. विचारा.

मूल होतं. ऑपरेशननंतर ओटीपोटातले भाग एकमेकांना चिकटून राहिल्याने दिवस राहायला कधी वेळ लागतो, आणि पोट वाढलं की स्टोमाचा आकार बदलतो, माप परत घ्यावं लागतं. लग्न ठरवताना सांगायचं का, असं एका मुलीच्या आईने विचारलं. सुपारी फुटायच्या आधी सांगा, आणि मुलीने स्वतः सांगावं. मध्यस्थाच्या तोंडून गेलं की पिशवीचं पोतं होतं.

खालची वाट बंद केलीय, तरी शौचाला लागल्यासारखं होतं. मी वेडी झाले का?

नाही. जागा गेली तरी मेंदूतली तिची आठवण जात नाही. कापलेल्या पायाला खाज सुटते तसंच. कमोडवर दोन मिनिटं बसून या, बरं वाटतं. ज्यांचा गुदाशय आत ठेवलाय त्यांना खालून शेंबडासारखा स्राव येतो, तोही नेहमीचा.

प्रवासाला जाता येतं?

मुंबईला मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाते, कारण रेल्वेत संडास असतो आणि एसटी तुमच्यासाठी कराडच्या पुढे थांबेल याचा भरवसा नाही. आधीच कापून ठेवलेल्या दोन-तीन पिशव्या, कापड, पाण्याची बाटली, जुनं वर्तमानपत्र आणि एक जादा परकर, हे सगळं हातातल्या पिशवीत. डिकीत कधीच नाही. वापरलेली पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची, संडासात ढकलायची नाही.

पूर आला तर?

हा प्रश्न बाहेरगावचे विचारत नाहीत, आमच्याकडचे विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, माल येणं बंद झालं आणि माझ्या डब्यात दोनच पिशव्या उरल्या होत्या. नळाला पाणी नव्हतं, टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहायचं, आणि त्यातलं किती पोट धुवायला वापरायचं याचा हिशेब. एक पिशवी मी सात दिवस नेली. कडेला चिकटपट्टी, त्यावर चिकटपट्टी. कातडी महिनाभर बरी झाली नाही. तेव्हापासून जून लागायच्या आत पूर्ण दोन महिन्यांचा साठा, म्हणजे वीसेक पिशव्या, ओआरएसची पाकिटं आणि ओल्या पुसण्यांचं एक पाकीट असा डबा माळ्यावर असतो. २०२१ च्या जुलैत तो उपयोगी पडला. नदीकाठच्यांनी डिस्चार्ज कार्डही त्याच डब्यात ठेवावं.

खर्च किती? अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं का?

महिन्याला आठ-दहा पिशव्या लागतात, पावडर-पेस्ट वेगळी. दोनतीन कंपन्यांचे नमुने मागून घ्या आणि पोटाला जी बसते तीच घ्या. स्वस्त पिशवी दर दिवशी बदलावी लागली तर ती महागच. सर्टिफिकेटचं म्हणाल तर दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार दिले आहेत, त्यांत स्टोमा नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण सीपीआरला, म्हणजे आमच्या सरकारी हॉस्पिटलला, खेटे घालण्याआधी माहीत असलेलं बरं. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही पेशंटसाठीची संस्था आहे.

पूर्वी लोक कसं करायचे?

वाईट. आधी आतड्याचं टोक न दुमडता नुसतं बाहेर ठेवायचे, ते सुजायचं, कातडी जळून जायची. १९५२ मध्ये ब्रायन ब्रूक या इंग्लंडमधल्या सर्जनने टोक उलटं दुमडायची पद्धत मांडली, तीच आजही वापरतात. त्याच सुमारास अमेरिकेत रूपर्ट टर्नबुल यांना कळलं की कराया डिंक ओल्या कातडीला धरून राहतो. हा डिंक कुणाचा? आपल्या डोंगरातल्या कांडोळाचा, पांढऱ्या खोडाच्या त्या झाडाचा. टर्नबुल यांची पेशंट नॉर्मा गिल, तिलाही इलिओस्टॉमी होती. पुढे तीच जगातली पहिली स्टोमा थेरपिस्ट झाली. चिकटणारी, टाकून देता येणारी पिशवी १९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेनसेन या नर्सला सुचली, तीही स्वतःच्या बहिणीसाठी.

स्टोमाला नाव ठेवायचं म्हणतात, खरं का?

हसू नका, हा प्रश्न येतो. बरेच जण ठेवतात, आणि त्याचा उपयोग असा की चारचौघांत घरच्यांना खुणेने सांगता येतं. तालमीतले एक म्हातारे पैलवान आपल्या स्टोमाला 'पट्ठ्या' म्हणतात. "पट्ठ्या आज गप हाय" म्हटलं की त्यांची सून ओआरएस बाजूला ठेवते आणि गरम पाणी लावते, "पट्ठ्या लई उड्या मारतोय" म्हटलं की भात टाकते. मी नाव ठेवलेलं नाही. आमचे मालक मात्र सकाळी चहा घेऊन येतात आणि विचारतात, "मशीन चालू झालं का?" मी म्हणते, "थांबा, अजून दोरा ओवतेय."